मुष्टियोद्ध्याचा वनवास



वसंत व्याख्यानमालेत मुष्टियुद्धावर बोलावयाचे म्हटले म्हणजे काही श्रोत्यांना थोडे नवल वाटेल. एकमेकांची तोंडे फोडण्याच्या या खेळात इतिहासाच्या अभ्यासकाने पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. मी या खेळाची तरफदारी करावयास उभा नाही. पण या खेळात एक प्रश्न असा विचारता येतो, की जो इतर क्षेत्रांत इतक्या उघडपणे विचारता येत नाही. एखादा माणूस आपल्या कलेच्या शिखरावर असताना त्याला त्या कलेपासून तोडले, आणि काही वर्षांनी पुन्हा तेथेच आणून उभे केले, तर त्याच्या हातात काय उरलेले असते? गवयाचा रियाज सुटला, तर मैफलीत तो झाकता येतो; जुन्या चाहत्यांचे कान बरेच काही सांभाळून घेतात. रिंगणातला प्रतिस्पर्धी काहीही सांभाळून घेत नाही.

आपल्या तालमीतले वस्ताद सांगतात, की मेहनत सुटली की अंग सुटते. हे बरोबरच आहे. पण अंग सुटते म्हणजे नेमके काय सुटते? ते पुन्हा बांधता येते काय? आणि बांधता येत असेल, तर सगळे येते की थोडे? या प्रश्नांसाठी मी अमेरिकेच्या इतिहासातले तीन साक्षीदार बोलावणार आहे. पहिला स्वखुशीने रिंगण सोडून गेला होता, दुसऱ्याला युद्धाने नेले आणि तिसऱ्याला सरकारने बाहेर काढले.

पहिला साक्षीदार जेम्स जेफ्रीज. १८९९ साली त्याने बॉब फिट्झसिमन्सला हरवून हेवीवेट गटाचे जगज्जेतेपद मिळविले आणि १९०५ साली एकही पराभव न पाहता तो निवृत्त झाला. त्याची शेवटची लढत १९०४ सालच्या ऑगस्टमधली. नंतर तो कॅलिफोर्नियात शेती करू लागला आणि वजन तीनशे पौंडांच्या घरात गेले. इकडे १९०८ साली सिडनी येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय मल्लाने अजिंक्यपद जिंकले, आणि अमेरिकेतील गोऱ्या समाजाच्या मोठ्या भागाला ते सहन होईना. जेफ्रीजने परत यावे आणि वंशाची लाज राखावी, असा गजर वृत्तपत्रांतून सुरू झाला. जॅक लंडनसारखा लेखकही त्यात सामील होता. जेफ्रीज अखेर तयार झाला. त्याने कसून मेहनत केली, चरबी उतरविली, आणि ४ जुलै १९१० रोजी नेवाडातील रेनो गावी तो २२७ पौंड वजनाने उभा राहिला. निवृत्तीच्या वेळचे वजनही साधारण याच घरातले होते. छायाचित्रात पाहावे तर तोच जेफ्रीज.

लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती. पंधराव्या फेरीतच संपली. जन्मात कधी जमिनीला न लागलेला हा माणूस त्या फेरीत पुन्हा पुन्हा खाली आला आणि त्याच्या बाजूच्या माणसांनीच लढत थांबविली. निकालाची बातमी पसरताच अनेक शहरांत दंगली उसळल्या आणि माणसे प्राणास मुकली. त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय होती. आपल्या विषयापुरता बोध एवढाच, की तराजू खोटे बोलतो. वजन परत आणता येते आणि वजनाबरोबर सगळेच परत आले असा भास होतो. मात्र या साक्षीदाराची जबानी पुरी पडत नाही. जेफ्रीजचे वय पस्तीस झाले होते, आणि समोर जॉन्सनसारखा असामान्य मल्ल होता. ऐन उमेदीतला जेफ्रीज तरी त्याला पुरा पडला असता काय, याचीच शंका आहे. तेव्हा वय किती, विश्रांती किती आणि प्रतिस्पर्धी किती, याची वाटणी या खटल्यात करता येत नाही.

दुसरा साक्षीदार जो लुई. १९३७ पासून १९४९ पर्यंत जगज्जेता, आणि त्या काळात अजिंक्यपद पणाला लावून पंचवीस लढती जिंकलेला. १९४२ साली तो सैन्यात दाखल झाला. त्याच वर्षीच्या दोन लढतींची आपली कमाई त्याने आरमार आणि लष्कर यांच्या मदत निधींना देऊन टाकली होती. २७ मार्च १९४२ रोजी एब सायमनशी लढल्यानंतर अजिंक्यपदासाठी तो पुन्हा उभा राहिला तो १९ जून १९४६ रोजी, बिली कॉनविरुद्ध. मध्ये चार वर्षे गेली. ही वर्षे तो खाटेवर पडून नव्हता. सैनिकांच्या छावण्यांतून त्याने प्रदर्शनी सामने कितीतरी केले. पण प्रदर्शनी सामन्यात कोणी जिवावर उठत नाही, आणि ज्याच्यावर कोणी जिवावर उठत नाही त्याची नजर हळूहळू झोपी जाते.

१९४१ साली याच कॉनने लुईला बारा फेऱ्या झुंजविले होते, आणि तेराव्या फेरीत लुईने त्याला पाडले होते. ती लढत जाणकार अजून आठवतात. १९४६ ची लढत मात्र कंटाळवाणी झाली. कॉनही सैन्यातूनच परतला होता; दोघांचेही पाय जड झाले होते. लुईने आठव्या फेरीत त्याला पाडले, आणि वृत्तपत्रांत नोंद झाली ती विजयाची. येथे इतिहास वाचणाऱ्याने सावध राहिले पाहिजे. निकालाच्या तक्त्यात ऱ्हास दिसत नाही, कारण दोघेही सारखेच खाली उतरले तर वरचढ कोण एवढेच तक्ता सांगतो. खरी अवस्था उघडी पडली ती १९४७ च्या डिसेंबरात. जर्सी जो वॉलकॉटने लुईला दोनदा जमिनीवर आणले. लुईच्या बाजूने निकाल लागला तोही तिघांपैकी दोघांच्या मताने, आणि प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडविली. १९४९ साली तो निवृत्त झाला. पण प्राप्तिकराच्या थकबाकीने त्याला घरी बसू दिले नाही. १९५० साली एझर्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरविले आणि १९५१ साली रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत पाडले. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता.

आता तिसरा आणि मुख्य साक्षीदार, महंमद अली. १७ जानेवारी १९४२ रोजी केंटकीतील लुइव्हिल येथे जन्म. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक. १९६४ साली, बाविसाव्या वर्षी, सनी लिस्टनला हरवून जगज्जेता. त्याचे वैशिष्ट्य ठोशाच्या जोरात नव्हते. दोनशे पौंडांहून अधिक वजनाचा माणूस हलक्या गटातल्या मल्लाप्रमाणे पायांवर नाचतो, हे त्यापूर्वी कोणी पाहिले नव्हते. हात कमरेशी सोडून तो उभा राही आणि समोरचा ठोसा येताना पाहून डोके तेवढे मागे घेई. शास्त्राप्रमाणे ही चूकच. पण ज्याचे पाय आणि नजर तशी आहेत त्याला ही चूक शोभून दिसते. १९६६ च्या मार्चअखेरीपासून १९६७ च्या मार्चपर्यंत, म्हणजे एका वर्षात, तो सात लढती लढला आणि सातही जिंकला. २२ मार्च १९६७ रोजी त्याने झोरा फॉली याला सातव्या फेरीत पाडले. हा त्याचा लागोपाठ एकोणतिसावा विजय. वय पंचवीस, वजन साडेदोनशे अकरा पौंड.

पाच आठवड्यांनी, २८ एप्रिल १९६७ रोजी, ह्यूस्टन येथील सैन्यभरतीच्या केंद्रात त्याचे नाव पुकारले गेले आणि तो पुढे आला नाही. व्हिएतनामच्या युद्धात भाग घेण्यास आपला धर्म आणि आपली सदसद्विवेकबुद्धी परवानगी देत नाही, ही त्याची भूमिका होती. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध मंडळाने त्याचा परवाना रोखला. खटला अजून उभाही राहिला नव्हता. इतर राज्यांनी न्यूयॉर्कचे अनुकरण केले. २० जूनला न्यायालयाने त्याला पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी कमाल शिक्षा सुनावली. अपील दाखल झाल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, पण पारपत्र काढून घेतलेले असल्याने परदेशी जाऊन लढण्याची वाटही बंद झाली. महाविद्यालयांत व्याख्याने देत आणि एका संगीत नाटकात भूमिका करीत त्याने दिवस काढले. फॉलीला पाडल्यापासून पुढच्या लढतीपर्यंत त्रेचाळीस महिने गेले. हेवीवेट मल्लाच्या आयुष्यात पंचविसावे ते अठ्ठाविसावे ही वर्षे म्हणजे भर पीक उभे असण्याचे दिवस.

येथे थोडे थांबून शरीराकडे पाहू. मुष्टियोद्ध्याची विद्या चार गोष्टींनी बनलेली असते: बळ, दम, पाय आणि नजर. सराव सुटल्यावर या चारही गोष्टी सारख्या वेगाने जात नाहीत. बळ सर्वांत चिवट. ते कित्येक आठवडे जवळजवळ टिकते आणि पुढेही सावकाश उतरते. दम मात्र फार लवकर जातो. १९६६ साली अमेरिकेत डॅलस येथे पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर निजवून ठेवले, तेव्हा श्रमाच्या वेळी प्राणवायू वापरण्याची त्यांची शक्ती पाव हिश्शाहून अधिक घटली. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कसलेल्या धावपटूंचा आणि सायकलपटूंचा सराव बारा आठवडे बंद ठेवला, तेव्हा ही शक्ती सुमारे सोळा टक्क्यांनी खाली आली, आणि त्यातली जवळजवळ निम्मी घट पहिल्या तीनच आठवड्यांत झाली. कारण असे, की सराव सुटताच प्रथम रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी होते, आणि हृदयाच्या एका ठोक्यासरशी पूर्वीइतके रक्त पुढे ढकलले जात नाही.

पण दमाविषयी एक दिलासाही आहे. डॅलसच्या त्या पाच जणांना पन्नाशीत पुन्हा तपासले आणि सहा महिने पद्धतशीर व्यायाम दिला, तेव्हा वयामुळे गमावलेली ही शक्ती त्यांनी भरून काढली. म्हणजे दम परत येतो. त्याला महिने द्यावे लागतात, एवढेच. पाय आणि नजर यांचा हिशोब वेगळा. समोरच्याचा खांदा किंचित हलला, की ठोसा कोठून येणार हे ओळखावयाचे, आणि तो पोहोचण्यापूर्वी चार बोटे मागे सरावयाचे, ही विद्या पोत्यावर ठोसे मारून टिकत नाही. तिला खरा धोका लागतो. शिवाय चपळाईची म्हणून काही वर्षे असतात, आणि ती वर्षे जोर-बैठकांनी परत येत नाहीत.

आता पुन्हा अलीकडे वळू. १९७० साली वाट निघाली ती जॉर्जिया राज्यातून. तेथे राज्याचे मुष्टियुद्ध मंडळच नव्हते, त्यामुळे अटलांटा शहराला परवाना देता आला. २६ ऑक्टोबर १९७० रोजी अली जेरी क्वारीसमोर उभा राहिला. वजन साडेदोनशे तेरा पौंड, म्हणजे साडेतीन वर्षांत फरक अवघ्या दोन पौंडांचा. जेफ्रीजची आठवण ठेवा. पहिल्या फेरीत लोकांना जुना अली दिसला. तिसऱ्या फेरीपर्यंत पाय जमिनीला टेकू लागले होते. पण तेवढ्यात क्वारीच्या डोळ्यावर खोल जखम झाली आणि लढत थांबली. जय मिळाला, परीक्षा झालीच नाही. त्यानंतर बेचाळीस दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये ऑस्कर बोनाव्हेनाशी सामना झाला. अलीने पंधराव्या फेरीत त्याला पाडले खरे, पण तोपर्यंतच्या चौदा फेऱ्यांत तो थकलेला, चुकणारा, मार खाणारा दिसला. आणि त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांनी, ८ मार्च १९७१ रोजी, जो फ्रेझियर.

एवढी घाई का, असे आपण विचाराल. डोक्यावर तुरुंग होता. अपिलाचा निकाल कोणत्याही दिवशी विरुद्ध लागला असता, तर पाच वर्षे आणखी गेली असती. दम परत आणण्यास जे महिने लागतात, तेच त्याच्यापाशी नव्हते. त्रेचाळीस महिन्यांच्या वनवासानंतर दोन लढती, आणि तिसरी थेट अजिंक्यपदाची. फ्रेझियर स्वतः अपराजित, सत्तावीस वर्षांचा, आणि सरावात मुरलेला. प्रत्येकी पंचवीस लाख डॉलरची ती लढत पंधरा फेऱ्या चालली. अली थोडा वेळ नाचे, मग दोरांना पाठ लावून उभा राही. आपण मुद्दाम विसावा घेत आहोत असे तो हावभावांनी दाखवी. पण पाय विसावा मागत होते हे पाहणाऱ्यांना कळत होते. शेवटच्या फेरीत फ्रेझियरचा डावा ठोसा जबड्यावर बसला आणि अली उताणा पडला. तो लगेच उठला, हे त्याच्या धैर्याचे. चार वर्षांपूर्वी तो त्या ठोशापाशी उभाच नसता, हे त्याच्या वनवासाचे.

यावर आक्षेप घेता येतात, आणि ते ऐकले पाहिजेत. पहिला असा, की फ्रेझियर थोर मल्ल होता. १९६७ च्या अलीलाही तो भारी पडला असता. शक्य आहे. माणसाला दोन आयुष्ये मिळत नाहीत, त्यामुळे इतिहासात असा प्रयोग करून पाहता येत नाही. फ्रेझियरच्या विजयातून एक कवडीही वजा करण्याचा माझा हेतू नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: काही जण दीर्घ विश्रांतीनंतरही जिंकतात, त्यांचे काय? शुगर रे लिओनार्ड १९८४ नंतर लढलाच नव्हता. १९८७ च्या एप्रिलमध्ये त्याने मार्विन हॅगलरला हरविले. जॉर्ज फोरमन १९७७ साली निवृत्त झाला, दहा वर्षे धर्मोपदेश करीत राहिला, १९८७ साली परतला, आणि ५ नोव्हेंबर १९९४ रोजी पंचेचाळिसाव्या वर्षी मायकेल मूररला पाडून पुन्हा जगज्जेता झाला.

ही उदाहरणे बारकाईने पाहिली, तर ती माझे म्हणणे बळकटच करतात. लिओनार्डने त्या एका लढतीसाठी महिनोन् महिने तयारी केली, आणि बंद दारांआड खऱ्या लढतीसारख्या लढती लढून मगच तो रिंगणात आला. झोपलेली नजर त्याने आधी जागी केली. फोरमन चार वर्षे लहानमोठ्या मल्लांशी चोवीस लढती लढला, आणि मगच मोठ्या किताबाला हात घातला. शिवाय त्याची पुंजी होती बळाची, आणि बळ हेच चारांतले सर्वांत चिवट. मूररविरुद्ध नऊ फेऱ्या तो गुणांत मागे होता. दहाव्या फेरीत उजव्या हाताने काम केले. ज्याचे भांडवल बळात गुंतलेले आहे, त्याचा वनवासात तोटा कमी होतो. अलीचे सगळे भांडवल पायांत आणि नजरेत होते.

मग अली पुन्हा जगज्जेता झाला तो कसा? येथे या कथेचा सर्वांत दुःखद भाग येतो. पाय गेले तेव्हा त्याला स्वतःविषयी एक नवी गोष्ट कळली. आपल्याला मार सोसता येतो, हे त्याला पूर्वी कळण्याचे कारण नव्हते, कारण मार लागतच नव्हता. त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी हे पुढे स्पष्टपणे सांगितले आहे. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा येथे त्याने दोरांना टेकून फोरमनचे प्रचंड ठोसे अंगावर घेतले, त्याला दमविले, आणि आठव्या फेरीत पाडले. जगाने ती युक्ती वाखाणली, आणि ती वाखाणण्यासारखी होतीच. पण युक्तीचे मोल शरीराने दिले. १ ऑक्टोबर १९७५ रोजी मनिला येथे फ्रेझियरशी चौदा फेऱ्यांची ती भयंकर लढत झाली. त्या दिवशीही तो जिंकला. पूर्वी पायांनी जे वाचविले असते, ते आता डोके आणि बरगड्या झेलीत होत्या.

१९७८ च्या सप्टेंबरात तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळवून तो थांबला, आणि दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९८० रोजी, लॅरी होम्सविरुद्ध पुन्हा उभा राहिला. होम्स एके काळी त्याच्याच सरावाचा जोडीदार होता. अडतिसाव्या वर्षी अलीने वजन उतरवून सडसडीत देह कमावला होता, केस काळे केले होते. पाहणारे म्हणाले, दहा वर्षे मागे गेला. तराजू तिसऱ्यांदा खोटे बोलला. दहा फेऱ्यांत त्याच्याकडून धड प्रतिकार झाला नाही. अखेर अँजेलो डंडी या त्याच्या प्रशिक्षकाने लढत थांबविली. १९८१ सालची एक हार पदरी घेऊन त्याने रिंगण सोडले. १९८४ साली डॉक्टरांनी त्याला कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, असल्याचे निदान केले. तो विकार ठोशांनीच झाला असे शपथेवर कोणी सांगू शकणार नाही. पण १९७० नंतर त्याने खाल्लेल्या ठोशांची गणती केल्याशिवाय त्याचे चरित्र पुरे होत नाही. ३ जून २०१६ रोजी त्याचे निधन झाले.

महाभारतात मौसलपर्वात अर्जुनाची एक कथा आहे. द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन तो निघाला असता आभीरांनी वाटेत गाठले. तेच गांडीव, तोच धनुर्धर; पण प्रत्यंचा चढविताना हात थकले आणि अस्त्रे आठवेनात. व्यासांनी तेथे काळाला दोष दिला आहे. अर्जुनाच्या बाबतीत ते मान्य करू. अलीच्या बाबतीत मात्र सगळा दोष काळावर टाकून भागणार नाही. त्या त्रेचाळीस महिन्यांवर काही मंडळांच्या सह्या आहेत.

२८ जून १९७१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. फ्रेझियरच्या लढतीला तेव्हा सोळा आठवडे झाले होते. ज्या न्यायव्यवस्थेने आपली चूक दुरुस्त केली, तिचे श्रेय तिला द्यावे. पण न्यायालय परवाना परत देऊ शकते, दंड परत देऊ शकते, नावावरचा डाग पुसू शकते. पंचविसाव्या वर्षाचे पाय परत देण्याचा अधिकार कोणत्याच न्यायपीठाला नाही. आपल्याकडेही चौकशा वर्षानुवर्षे चालतात. माणसे कामावरून दूर होतात, आणि निर्दोष ठरून परत येतात तेव्हा आपण म्हणतो, झाले ते झाले, सर्व मिळाले ना परत? त्या वेळी हा मुष्टियोद्धा आठवावा. शिक्षा ठरविण्यापूर्वीच एखाद्याचे काम काढून घेणे ही काही लोक समजतात तशी तात्पुरती व्यवस्था नव्हे. ज्याची विद्या रोजच्या सरावावर जगते, त्याच्यापुरती ती शिक्षाच असते, आणि पुढे निकाल काहीही लागला तरी ती भोगून झालेली असते.